दिसू द्या ती मशीन!

"ताई, पोरीची सोयरीक जुळून राहिली आहे. फक्त कानाची मशीन दिसली नाही पाहिजे."

धरमपेठेतल्या आमच्या सल्ला केंद्रात एक आई हे सांगत होती. शेजारी तिची बावीस वर्षांची मुलगी. बी.कॉम. झालेली, एका दुकानात हिशेब लिहिणारी. लहानपणी दोन्ही कान वाहायचे, त्यातून ऐकू येणं कमी झालं. कानामागे बसणारं श्रवणयंत्र ती शाळेपासून वापरते. त्याच्यावर तिचं शिक्षण झालं, नोकरी चालली आहे. म्हणजे यंत्र होतं, चालत होतं. आईला पैसे हवे होते ते यंत्र लपवायला.

मी त्यांच्याबरोबर जवळच्याच एका दुकानात गेले. भिंतीवर हसऱ्या तरुणीचा मोठा फोटो, केस मागे घेतलेले, कानात काही दिसत नाही. विक्रेत्याचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, कोणाला कळणारसुद्धा नाही." ऐकू किती चांगलं येईल, हे त्याने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. कान अजून वाहतो का, हेही कोणी विचारलं नाही. मी विचारलं, तर आई म्हणाली, "होते कधी कधी." जोडीची किंमत १ लाख ४० हजार. आईने गळ्यातली पोत गहाण टाकली. मी तिला अडवायला हवं होतं. लग्न मोडलं तर दोष माझ्यावर येईल या भीतीने मी गप्प बसले.

तीन आठवड्यांत मुलीचा कान वाहू लागला. डॉक्टरांनी कानात काहीही घालायला बंदी केली. पाहण्याचा कार्यक्रम त्याच आठवड्यात होता. जुनं यंत्र घालू दिलं नाही. मुलगी ओठांकडे बघून उत्तरं देत राहिली. मुलाच्या आत्याने बाजूने काही विचारलं ते तिला कळलं नाही, ती नुसती हसली. निरोप आला, "मुलगी थोडी मंद वाटते." बहिरेपणा झाकला गेला आणि हुशार मुलगी मंद ठरली.

मैत्रिणींनो, श्रवणयंत्रांचं तंत्रज्ञान गेल्या तीस वर्षांत खूप पुढे गेलं आहे, हे मी नाकारत नाही. जुनी यंत्रं सगळेच आवाज सारखे मोठे करायची, त्यात भांड्यांचा खणखणाट आणि मुलाचं बोलणं एकाच मापाने वाढायचं. १९९६च्या सुमारास पूर्ण डिजिटल यंत्रं बाजारात आली. आता ज्या पट्टीतला आवाज कमी ऐकू येतो तेवढाच वाढवता येतो, गोंगाट काही प्रमाणात दाबता येतो, मोबाईलवरचं बोलणं सरळ कानात घेता येतं, सेल बदलण्याऐवजी यंत्र चार्ज करता येतं. पण ही प्रगती बाईपर्यंत पोचते तेव्हा तिचं एकच रूप पुढे केलं जातं: किती लहान, किती अदृश्य.

लहानपणाची किंमत असते, आणि ती दुकानात सांगितली जात नाही. कानाच्या नळीत पूर्ण बसणाऱ्या यंत्राची ताकद मर्यादित असते. जास्त बहिरेपणाला ते बहुधा पुरत नाही. त्यात मायक्रोफोन आणि स्पीकर अगदी जवळ असल्याने आवाज वाढवला की शिट्टी वाजते. समोरच्याचं बोलणं वेगळं काढायला दोन मायक्रोफोन लागतात, इतक्याशा यंत्रात त्यांना सहसा जागा नसते. सेल इवलासा, आठवडाभरही टिकत नाही, तर कानामागच्या यंत्राचा मोठा सेल दोन आठवड्यांच्या आसपास जातो. कानातला मळ आणि ओल यंत्रात शिरते. आणि वाहणाऱ्या कानाची नळी बुजवून टाकणं म्हणजे दुखणं वाढवणंच. अशा वेळी हाडामार्फत आवाज पोचवणारी यंत्रं असतात, पण ती डोक्यावर किंवा कानामागे दिसतात. मग त्यांचं नाव कोण काढणार?

आधीची यंत्रं तरी बाईचा विचार करून बनवलेली होती का? कित्येक वर्षं सरकारी शिबिरांतून वाटलं गेलेलं यंत्र 'पॉकेट मॉडेल' होतं. डबी खिशात, वायर कानात. पण साडीला खिसा कुठे असतो? बायका ती डबी ब्लाऊजमध्ये ठेवत. वर पदर, आत घाम, आणि कापड घासलं की कानात खरखर. शेवटी डबी ट्रंकेत जायची आणि घरचे म्हणायचे, "हिला दिलं तरी ही वापरत नाही." यंत्र पुरुषाच्या शर्टासाठी बनलं, दोष मात्र बाईचा!

आता जरा संध्याकाळी फुटाळ्यावर जाऊन बघा. दर दुसऱ्या पोराच्या कानात पांढरे इअरबड. त्यांची कोणाला लाज वाटत नाही, उलट ते मुद्दाम दाखवले जातात. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशाच एका इअरबडला सौम्य ते मध्यम श्रवणदोषासाठी श्रवणयंत्रासारखं वापरायची परवानगी दिली. म्हणजे वस्तू आता जवळपास एकच झाली आहे. तरुणाच्या कानात ती फॅशन, उपवर मुलीच्या कानात मात्र खोट. पूर्वी चष्म्याचंही हेच होतं. चष्मेवाल्या मुलीला स्थळं मिळत नाहीत म्हणून आयाबाया रडत. चष्मा लहान झाला म्हणून ती लाज गेली नाही. तो नाकावर दिसत राहिला आणि डोळ्यांना सवय झाली.

लपवण्यात आणखी एक धोका आहे. हिंदू विवाह कायदा १९५५च्या कलम १२ प्रमाणे महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणूक केली, असं म्हणून विवाह रद्द करण्याची मागणी करता येते. श्रवणदोष त्यात बसतो की नाही ते न्यायालय ठरवेल. पण सासरी रोज "फसवून गळ्यात मारली" हे ऐकून घेण्यासाठी न्यायालयाचा निकाल लागत नाही. शिवाय लपवायचं म्हणून कित्येक मुलींचं प्रमाणपत्रच काढलं जात नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत कर्णबधिर आणि ऐकू कमी येणाऱ्यांसाठी १ टक्का जागा ठेवल्या आहेत. 'एडिप' योजनेतून उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना यंत्र मिळू शकतं. नोंदच नको, तर हक्क कुठून मिळणार?

काही मैत्रिणी म्हणतील, "कसं दिसायचं हा तिचा निर्णय आहे." अगदी मान्य. ज्या बाईला तिच्या कानाची अवस्था, यंत्राची ताकद, खर्च, सगळं नीट सांगितलं आहे आणि तरीही लहान यंत्र हवं आहे, तिने ते जरूर घ्यावं. खुणांची भाषा बोलणाऱ्या ज्या बायकांना यंत्र नकोच आहे, त्यांचाही तो हक्क आहे. पण आमच्या मुलीला दुकानात कोणी एक शब्द विचारला नव्हता. निर्णय लग्नाच्या बाजाराने घेतला, पैसे आईच्या पोतीने भरले.

म्हणून आपल्या गटांनी काही गोष्टी ठरवाव्यात असं मला वाटतं. यंत्र घेण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायचं. तपासणी करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का, हे बेधडक विचारायचं. यंत्र बसवल्यावर आवाज पडद्यापर्यंत किती पोचतो हे मोजून दाखवा, असा आग्रह धरायचा; ते मोजण्याची पद्धत आहे. घरी नेऊन काही दिवस वापरून बघितल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. शिबिरवाल्यांना विचारायचं, वाटप झालं, पण पुढची तपासणी आणि सेल कोण देणार? आणि आपल्या बैठकांत एका वेळी एकीने, तोंड दिसेल असं बोलायचं. आपणही आजवर हे कुठे पाळलं आहे?

३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो आणि पाच दिवसांनी आपला ८ मार्च. या दोन दिवसांची गाठ आजवर आपण घातली नाही. येत्या ८ मार्चच्या मोर्चात ती मुलगी येणार आहे. केस वर बांधून, जुनं यंत्र कानामागे लावून. तिने मला विचारलं, "ताई, घोषणा मोठ्याने देणार ना? मला ऐकू आल्या पाहिजेत."

देऊ या. आणि पोत सोडवायचे हप्तेही आपण मिळून भरू या.