‘ब्रेक फेल’ हे उत्तर नव्हे

रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीतून लोखंडी सळयांनी भरलेले ट्रक महाराष्ट्राकडे निघतात. नागपूरपर्यंतच्या बहुतांश सपाट रस्त्यावर ब्रेकची खरी परीक्षा होत नाही. ती पुढे घाटात होते. तिथे अपघात घडला की बातमी ‘ब्रेक फेल झाल्याने’ या शब्दांवर थांबते. वास्तविक चौकशी तिथून सुरू व्हायला हवी.

कारण हवा गेली तर वाहन थांबावे, याच तत्त्वावर एअर ब्रेकची रचना झाली आहे. ट्रकच्या मागील चाकांपाशी एक दणकट स्प्रिंग असते. हवेचा दाब तिला आवरून धरतो. दाब फार घटला की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आवळला जातो. रेल्वेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्येच प्रत्येक डब्याला हवेची स्वतंत्र टाकी दिली. गाडीभर जाणारी नळी तुटली की प्रत्येक डबा आपल्या टाकीतील हवेने स्वतःच ब्रेक लावतो.

मग घात होतो कुठे? बहुधा उष्णतेत. ४० टनांचा ट्रक १०० मीटर खाली उतरताना सुमारे ३.९ कोटी जूल ऊर्जा मुक्त होते. तेवढ्यात सव्वाशे लिटर पाणी उकळीला येईल. गिअरमधील इंजिन या ऊर्जेचा मोठा वाटा स्वतःवर घेते. इंजिन बंद केले की सारा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरचे घर्षण घटते आणि टाकीत हवा असूनही ब्रेक लागत नाही. शिवाय हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबलेला असतो. पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका ट्रकच्या धडकेने ४८ वाहनांचे नुकसान झाले. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केल्याचे प्राथमिक तपासात पुढे आले.

रेल्वेची मर्यादा निराळी. तिचा ब्रेक स्प्रिंगने नव्हे, साठवलेल्या हवेने धरलेला असतो आणि ती हवा हळूहळू झिरपते. म्हणून उभ्या गाडीला हँडब्रेक लावावाच लागतो. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी कठुआहून एक मालगाडी चालकाविना ७० किलोमीटरहून अधिक धावली, तेव्हा याच कर्तव्याकडे देशाचे लक्ष गेले.

दोन्ही प्रसंगी यंत्राहून माणसाच्या सवयीचा प्रश्न मोठा आहे. त्यातही विपर्यास असा की आधुनिक डिझेल इंजिन गिअरमध्ये उतार उतरताना इंधनपुरवठा स्वतःच तोडते. म्हणजे जीव धोक्यात घालूनही बचत जवळपास शून्य! मात्र डिझेलच्या हिशेबावर ज्याची कमाई ठरते, त्या चालकाला हे कोणी सांगितले आहे का? दंडाची पावती घाटात फाडण्याआधी हे चार शब्द उरला येथे, माल भरतानाच, त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजेत. आणि ते सांगण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची आहे.