आधी देव्हारा, मग पिंजरा

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर आपला २००वा कसोटी सामना संपवून सचिन तेंडुलकर यांनी क्रिकेटचा निरोप घेतला. खेळाडू निवृत्त झाला. त्याच्याविषयीचा वाद मात्र निवृत्त होण्याचे चिन्ह दिसत नाही. लग्नाच्या पंगतीत, आगगाडीच्या डब्यात, महाविद्यालयाच्या अध्यापककक्षात आणि लोणी भापकरसारख्या खेड्याच्या पारावरही हा वाद त्याच आवेशाने चालतो. वादाचा मुद्दाही ठरलेला असतो. "धावा पुष्कळ केल्या हे कबूल, पण ऐन प्रसंगी सामना जिंकून दिला का?" हा प्रश्न करणारा गृहस्थ बहुधा उत्तरासाठी थांबत नाही, कारण प्रश्न हाच निकाल अशी त्याची समजूत असते.

प्रस्तुत लेखकास तेंडुलकरांची आरती ओवाळावयाची नाही. ते काम करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचाही समाचार पुढे घ्यावयाचा आहे. परंतु ज्या तर्काने हा प्रश्न उभा केला जातो तो तर्क सदोष आहे, आणि तो क्रीडांगणापुरता राहत नसल्यामुळे त्याचा दोष उघड करणे अवश्य आहे.

न्यायाच्या दृष्टीने प्रथम पूर्वपक्ष संपूर्ण मांडला पाहिजे. आक्षेपक म्हणतात: २३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्ग येथील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तेंडुलकर पहिल्याच षटकात ४ धावांवर बाद झाले. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या अंतिम सामन्यात त्यांनी १८ धावा केल्या. चषक मिळाला तो गौतम गंभीर यांच्या ९७ आणि महेंद्रसिंग धोनी यांच्या नाबाद ९१ धावांमुळे. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईस पाकिस्तानाविरुद्ध विजय हाताशी आला असता ते बाद झाले आणि सामना गेला. शंभरावे शतक त्यांनी १६ मार्च २०१२ रोजी मीरपूर येथे केले, त्या दिवशी भारत बांगलादेशाकडून हरला. हा आरोपांचा गोषवारा. यातील एकही आकडा खोटा नाही. खोटा आहे तो त्या आकड्यांवर उभारलेला निष्कर्ष.

चेन्नईचीच गोष्ट घ्या. विजयासाठी २७१ धावा हव्या होत्या आणि ८२ धावांत निम्मा संघ तंबूत परतला होता. तेथून पाठदुखीने विव्हळत असताना तेंडुलकरांनी नयन मोंगिया यांच्या साथीने १३६ धावांची भागी रचली. स्वतः १३६ धावा करून ते बाद झाले तेव्हा फक्त १७ धावा उरल्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. ते तीन गडी ४ धावांत गेले. भारत १२ धावांनी हरला. आता ज्या माणसाने पराभव सतरा धावांच्या अंतरावर आणून ठेवला त्याच्या माथी पराभव मारावयाचा, आणि ज्या तिघांना मिळून सतरा धावा करता आल्या नाहीत त्यांची नावेही कोणास आठवू नयेत, ही कोणती न्यायनीती? तीच कथा १३ मार्च १९९६ ची. कोलकात्यास श्रीलंकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तेंडुलकर ६५ धावांवर यष्टिचीत झाले तेव्हा फलकावर ९८ धावा होत्या. त्यांच्यासह ७ गडी २२ धावांत कोसळले, प्रेक्षकांनी दंगल मांडली आणि सामना श्रीलंकेस बहाल झाला.

आता हा तर्क त्याच्या टोकापर्यंत नेऊन पाहू. सामना जिंकला की नाही हेच जर खेळीचे मोल ठरविणारे माप असेल, तर चेन्नईच्या १३६ धावा कवडीमोल आणि मुंबईच्या १८ धावा सोन्याच्या! कारण पहिल्या सामन्यात पराभव झाला आणि दुसऱ्याने विश्वविजेतेपद दिले. हे आक्षेपकांस मान्य आहे काय? मान्य नसणारच, २०११ च्या १८ धावांबद्दलही ते दोषच देतात. म्हणजे संघ हरला तर दोष तेंडुलकरांचा, आणि संघ जिंकला तर श्रेय इतरांचे. दोन्ही पारडी एकाच बाजूस झुकणारा तराजू बाजारात कोणी वापरला, तर वजनमापांचा निरीक्षक तो जप्त करील.

२००३ च्या अंतिम सामन्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाने २ गडी गमावून ३५९ धावा केल्या होत्या. त्या काही तेंडुलकरांनी दिलेल्या नव्हत्या. त्या स्पर्धेत त्यांनी ६७३ धावा केल्या. सेंच्युरियन येथे पाकिस्तानाविरुद्ध ९८, आणि उपांत्य सामन्यात केनियाविरुद्ध ८३. संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला तो या धावांच्या बळावर. पालखी खांद्यावरून पंढरीपर्यंत आणणाऱ्या भोयाचा पाय चंद्रभागेच्या वाळवंटात घसरला, एवढ्यावरून तो वारीला आलाच नव्हता असे कोणी म्हणेल काय?

शिवाय अंतिम सामन्यात ते ढासळतात हे विधान वस्तुस्थितीलाही धरून नाही. २४ एप्रिल १९९८, म्हणजे त्यांचा पंचविसावा वाढदिवस; त्या दिवशी शारजाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३४ धावा. त्याच वर्षी जुलैमध्ये कोलंबोच्या अंतिम सामन्यात श्रीलंकेविरुद्ध १२८. मार्च २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर तीनपैकी दोन जिंकावयाचे असे अंतिम सामने होते. सिडनीस नाबाद ११७ आणि ब्रिस्बेनला ९१. सप्टेंबर २००९ मध्ये पुन्हा कोलंबोस १३८. या पाचही सामन्यांत भारत विजयी झाला. हे आकडे पुढे ठेवले की आक्षेपक म्हणतात, "त्या लहान स्पर्धा, आम्ही विश्वचषकाविषयी बोलतो." म्हणजे वाद सर्व अंतिम सामन्यांपासून सुरू करावयाचा आणि उत्तर मिळताच तो दोन सामन्यांपुरता आखडून घ्यावयाचा. अठरा हजारांहून अधिक एकदिवसीय धावांचा हिशेब दोन दिवसांवर करणाऱ्यास परीक्षक म्हणून कोणतेही विद्यापीठ नेमणार नाही.

तथापि सत्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस शोभणार नाही. कसोटीतील त्यांची एकूण सरासरी ५३.७८ असली, तरी चौथ्या डावातील सरासरी ३७ हूनही थोडी कमी आहे. आणि चौथा डाव हाच कसोटी सामन्याचा खरा कस होय. कर्णधार म्हणून २५ कसोट्यांत त्यांना केवळ ४ विजय मिळाले. मीरपूरचे शतक १४७ चेंडूंत ११४ असे रेंगाळले, आणि त्या रेंगाळण्याची किंमत संघाने मोजली असे म्हणणाऱ्यास आम्ही मूर्ख म्हणणार नाही. २०११ च्या मोहालीतील उपांत्य सामन्यात ८५ धावा करताना त्यांचे चार झेल सुटले हेही खरे. ही टीका योग्य आहे. कारण तिचा विषय तेंडुलकरांनी स्वतः काय केले हा आहे. इतर दहा जणांनी काय केले नाही याचा पंचनामा त्यांच्या नावे करणे ही टीका नव्हे.

या गोंधळाचे एक मूळ असे की, आम्ही सांघिक खेळास कुस्तीचे माप लावतो. आखाड्यात मल्ल एकटा असतो. तेथे जय त्याचा आणि पराजयही त्याचाच. क्रिकेट हे इर्जिकेसारखे आहे. दहा बैलजोड्या शेतात उतरल्या आणि नांगरट अर्धी राहिली, तर सर्वांत अधिक तास घेणाऱ्या जोडीच्या मालकाला कोणी जाब विचारीत नाही. अमेरिकेत बास्केटबॉलच्या दोन महान खेळाडूंवरून असाच वाद चालतो: मायकेल जॉर्डन यांनी सहा अंतिम मालिका खेळून सहाही जिंकल्या, तर लेब्रॉन जेम्स यांनी दहांपैकी चार. परंतु त्या खेळात एका बाजूचे पाचच जण मैदानावर असतात. एक प्रयत्न चुकला तरी खेळाडूला लगेच दुसरी संधी मिळते. आणि मालिका सात सामन्यांपर्यंत लांबते. फलंदाजाला एक चूक पुरते; मग तो त्या डावापुरता प्रेक्षकच. तरीही, म्हणजे एकट्याचा प्रभाव इतका असलेल्या खेळातही, १९६९ मध्ये अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान प्रथम दिला गेला तो हरलेल्या लॉस एंजेलिस संघाच्या जेरी वेस्ट यांना. परीक्षकांनी पराजितांच्या बाजूस श्रेष्ठत्व पाहिले आणि ते उघडपणे सांगितले.

ही दृष्टी आमच्याकडे नव्हती असे नाही. सांगलीत जन्मलेले विजय हजारे यांचे स्मरण करावे. १९४३ च्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम लढतीत हिंदू संघाकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या. उलट बाजूस हजारे यांचा संघ पहिल्या डावात १३३ धावांत गारद झाला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! बंधू विवेक यांच्याबरोबरच्या ३०० धावांच्या भागीत विवेक यांचा वाटा अवघा २१ होता. तो सामना हजाऱ्यांचा संघ डावाने हरला. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध त्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ अशी दोन शतके काढली. तो सामनाही भारत डावाने हरला. आज त्या सामन्यांचे निकाल शोधून काढावे लागतात. हजाऱ्यांच्या धावा शोधाव्या लागत नाहीत. त्या तोंडपाठ आहेत. आणि स्वतः ब्रॅडमन? १४ ऑगस्ट १९४८ रोजी ओव्हलवर अखेरच्या डावात ते शून्यावर बाद झाले आणि त्यांची सरासरी ९९.९४ वर थांबली. त्या शून्यावरून ब्रॅडमन ऐन वेळी कच खातात असे कोणी म्हटले नाही. कारण त्या सामन्यात त्यांचे सहकारी समर्थ होते आणि ऑस्ट्रेलिया डावाने जिंकली.

मग तेंडुलकरांच्याच वाट्यास हा हिशेब का यावा? याचे उत्तर आक्षेपकांकडे नसून भक्तांकडे आहे. ज्या दिवशी आमच्या मंडळींनी त्यांना देव म्हणावयास आरंभ केला, त्याच दिवशी आरोपपत्राचा मसुदा तयार झाला. माणसाकडून आपण प्रयत्नाची अपेक्षा करतो, देवाकडून फळाची. माणसाला चुकण्याची मुभा असते. नवसाला न पावणाऱ्या देवाचा मात्र कोप केला जातो, प्रसंगी त्याला पाण्यातही ठेवतात. एकटा तेंडुलकर सामना जिंकून देतो, हे भक्तांचे वचन. आणि एकट्या तेंडुलकराने सामना जिंकून दिला नाही, ही आक्षेपकांची तक्रार. दोघांचे गृहीतक एकच आहे. ते एकमेकांचे वैरी दिसतात, पण आहेत एकाच मठातले.

या भक्तीने इतरांवरही अन्याय केला. १३ जुलै २००२ रोजी लॉर्ड्सच्या अंतिम सामन्यात ३२६ धावांचा पाठलाग करताना तेंडुलकर १४ धावांवर बाद झाले. आता काय राहिले, असे म्हणून दूरचित्रवाणीचे संच बंद करून निजावयास गेलेली घरे आम्ही पाहिली आहेत. त्या घरांना युवराज सिंग यांच्या ६९ आणि महंमद कैफ यांच्या नाबाद ८७ धावा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचाव्या लागल्या. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरील हल्ल्यास महिनाही झाला नसता, चेन्नईस इंग्लंडविरुद्ध चौथ्या डावात ३८७ धावा करून भारताने विजय मिळविला. तेंडुलकर नाबाद १०३. आक्षेपक हा सामना विसरतात. आणि भक्त त्याच सामन्यातील वीरेंद्र सेहवाग यांच्या वेगवान ८३ आणि युवराज यांच्या नाबाद ८५ धावा विसरतात. शंभराव्या शतकाचा ध्यासही भक्तांनीच उभा केला. कसोटी आणि एकदिवसीय या भिन्न जातीच्या शतकांची बेरीज मांडावयाची, त्या बेरजेस पवित्र मानावयाचे, वर्षभर देशाने तिच्याकडे डोळे लावून बसावयाचे, आणि अखेर तो माणूस त्या ओझ्याखाली सावकाश खेळला की त्यालाच स्वार्थी म्हणावयाचे!

कोणी म्हणेल, खेळाच्या गप्पांस एवढे महत्त्व कशास? महत्त्व यासाठी की, ज्या घरात हा वाद चालतो त्याच घरात मुलेही वाढत असतात, आणि मापे ती तेथूनच उचलतात. वर्षभर नेटाने अभ्यास केलेल्या मुलाचा एका सकाळचा पेपर अवघड गेला की "ऐन वेळी कच खातो" असा शेरा त्याच्यावर बसतो. तीस वर्षे आम्ही अध्यापन करीत आहोत. असा शेरा घेऊन वर्गात खाली मान घालून बसणारी मुले आम्ही प्रतिवर्षी पाहतो. तो शेरा त्यांना आप्तांनी दिलेला असतो, आणि त्याची भाषा क्रिकेटच्या गप्पांतील असते.

बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यात लोणी भापकर हे आमचे गाव आहे. तेथील शेतकऱ्याला निकाल आणि काम यांतील भेद कोणत्याही प्राध्यापकाहून अधिक कळतो. पाऊस फिरकला नाही आणि ज्वारी करपली, तरी बांधावरून जाणारा शेजारी तास पाहून सांगतो की पेरणी कोणाची नेटकी होती आणि कोणाची वेठीची. पीक दोघांचेही बुडालेले असते. गावाचे मत मात्र दोघांविषयी एक नसते. आश्चर्य हे की, तोच शेतकरी संध्याकाळी पारावर बसून तेंडुलकरांविषयी बोलू लागला की हे माप बांधावरच विसरून येतो. आमचे मागणे एवढेच की त्याने ते बरोबर आणावे. तेंडुलकरांना देव्हाऱ्यातून खाली उतरवावे, पिंजऱ्यातून बाहेर काढावे, आणि त्यांची पेरणी पाहावी.