घरचा संगणक आणि सुशिक्षितांचा रोष

मुलांनी घरी संगणकावर खेळ खेळावेत ही गोष्ट आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गात आजकाल जवळजवळ दुर्वर्तनाच्या सदरात पडू लागली आहे. आणि त्यांतीलच एखाद्याने बाजारातून सुटे भाग आणून तो संगणक स्वतःच्या हाताने जुळविण्याचा हट्ट धरला, म्हणजे दुर्वर्तनास उधळेपणाचीही जोड मिळाली असे समजण्यात येते. मे महिन्यात थंड हवेसाठी महाबळेश्वरी उतरलेल्या कुटुंबांच्या बैठकीत घटकाभर बसावे, म्हणजे या विषयावरील झाडून सारे आक्षेप एकदम ऐकावयास मिळतात. खेळाने अभ्यास बुडतो, डोळे बिघडतात. विलायती भाग स्क्रूने जोडण्यात विद्या ती कोणती. आणि तयार यंत्र दुकानात मिळत असता हा उपद्व्याप कशाला! गंमत अशी की, हीच मंडळी सायंकाळी तेथील बाजारपेठेत फिरावयास निघाली म्हणजे व्हिडिओ गेमच्या दुकानाशी थांबतात आणि मुलांच्या हाती आनंदाने पैसे ठेवतात. तेथे मूल एका बंद पेटीपुढे उभे राहते, मिनिटांच्या हिशेबाने खेळते आणि पैसे संपले की बाजूस सरते. यास कोणाची हरकत नसते. तेच मूल घरी परतून पेटीचे झाकण उघडू लागले की मात्र वडिलांच्या कपाळास आठी पडते.

यावरून आम्हांस असे वाटते की, आमच्या मंडळींचा खरा राग खेळावर नसून झाकण उघडण्यावर आहे. प्रस्तुत लेखाचा रोख याच रागावर आहे. जे यंत्र आपणांस उघडता येते, ज्याचा बिघाड आपणांस शोधता येतो आणि ज्याचा निकामी भाग आपणांस बदलता येतो, तेच यंत्र आपल्या मालकीचे. बाकीची रोख मोल देऊन घेतली तरी भाड्याचीच समजावीत. हा विचार तरुण मुलांस कळला आहे आणि त्यांच्या पदवीधर वडिलांस कळलेला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

प्रथम हा नाद आहे तरी काय, हे न्यायाने पाहू. तयार संगणक न घेता तो जुळवू पाहणाऱ्यास आरंभी कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते. प्रोसेसर ठरला की तो ज्या खोबणीत बसेल असाच मदरबोर्ड पाहावा लागतो. रॅमची जात त्या मदरबोर्डास चालणारी हवी, ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटात मावले पाहिजे, आणि सर्व भागांस लागणाऱ्या विजेची बेरीज करून तिच्याहून काही अधिक वॅट देणारा पॉवर सप्लाय निवडला पाहिजे. यांत काटकसर केली तर खेळ ऐन रंगात असता यंत्र बंद पडते. मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली पालथी घालून भावाची घासाघीस करावयाची. घरी आल्यावर अंगातील स्थिर विद्युत् नाजूक भागांस बाधू नये म्हणून आधी धातूस हात लावावयाचा, प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारा लेप वाटाण्याएवढा घालावयाचा, आणि हवा समोरून आत येऊन मागून बाहेर जाईल अशा बेताने पंखे बसवावयाचे.

इतके करून बटण दाबावे आणि पडदा काळाच राहावा, म्हणजे खरे शिक्षण सुरू होते. रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवावी, ती दुसऱ्या खाचेत घालून पाहावी, ग्राफिक्स कार्डाची वीज तपासावी, एकेक भाग वगळून दोष कोठे राहतो व कोठे नाहीसा होतो हे पाहावे. न्यायशास्त्रातील अन्वय आणि व्यतिरेक आम्ही वर्गात वर्षभर शिकवितो आणि विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करतात. येथे पंधरा वर्षांचे पोर तेच दोन्ही एका रात्रीत प्रत्यक्ष वापरते. त्यातून ते महाबळेश्वरासारख्या गावी राहणारे असेल, तर वर्षास पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, त्या दमटपणाने गंजणारे धातूचे सांधे आणि पावसाळ्यात जाणारी-येणारी वीज यांच्याशीही त्यास झगडावे लागते. अशा मुलास पदार्थविज्ञानाची गोडी लागण्यास निराळ्या शिकवणीची गरज काय?

आणि खेळ? खेळ हा या खटाटोपाचा मोबदला आहे आणि कसोटीही आहे. पत्र लिहिण्यास कोणतेही यंत्र पुरते. परंतु खेळातील एक आखीव सृष्टी सेकंदास साठ वेळा नव्याने रंगवून दाखविण्यास यंत्राचा प्रत्येक भाग एकाच वेळी राबावा लागतो. आपण निवडलेल्या नि जोडलेल्या भागांतून ते दृश्य अडखळल्यावाचून उमटलेले पाहिले म्हणजे जो आनंद होतो, तो आपण लावलेल्या झाडाचे फळ खाण्याच्या जातीचा आहे. त्यास व्यसन म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग होय.

आता आक्षेपकांचे ठेवणीतले शस्त्र. ते म्हणतात, भाग सारे परदेशी. ते जोडण्यात निर्मिती कसली? यास उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणले. कॅमेरा विलायती, कोरी फिल्मही विलायती. ती यंत्रे त्यांनी मुंबईस आपल्या घरी मांडली, वाटाण्याचे रोप कसे वाढते याचे चित्रण करून हात बसविला, आणि दुसऱ्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. आक्षेपकांचा न्याय लावला, तर हिंदी चित्रसृष्टीचा सारा आरंभ विलायती भागांची जुळणी म्हणून निकालात काढावा लागेल!

दुसरे उदाहरण याहून जवळचे. अमेरिकेने प्रबळ महासंगणक देण्याचे नाकारल्यावर १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' सिद्ध झाला. त्यातील प्रोसेसर इनमॉस नावाच्या ब्रिटिश कंपनीचे होते. असे अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपून त्यांच्याकडून एकच अवघड काम करवून घेणे, हे त्या मंडळींचे कर्तृत्व. परमचा अभिमान व्यासपीठावरून मिरवावयाचा आणि तेच तत्त्व आपल्या घराच्या टेबलावर अवतरले की नाक मुरडावयाचे, याची संगती आम्हांस तरी लागत नाही.

किंबहुना ज्या महाबळेश्वरी ही चर्चा रंगते, तेथे उगम पावणाऱ्या कृष्णेच्या खोऱ्यानेच आक्षेपकांस पुरेसे उत्तर देऊन ठेवले आहे. बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि ती दूर होण्यास काळ जावा लागला. त्या शेतकऱ्यांस आपण आज हसतो. परंतु त्यांची भीती निदान आपल्या पोटाच्या साधनाविषयी होती. आमच्या सुशिक्षितांची भीती कशाची? याच भागात वरती कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तयार होई. ओगले आणि किर्लोस्कर या दोघांच्याही मालाचा प्रसार करीत हिंडलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि स्वावलंबन हा तिचा पाया ठेवला. हाताने काम करणे आणि डोक्याने शिकणे यांत वैर आहे, ही कल्पना या खोऱ्यात तरी कोणी उच्चारू नये.

खेळापासून जगाचा फायदा काय, असेही विचारण्यात येते. ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने हेच पालक मुलांस महागड्या वर्गांत घालीत आहेत, तिच्या आजच्या भरभराटीचा एक मोठा टप्पा म्हणजे २०१२ साली टोरंटो येथील तिघा संशोधकांनी सिद्ध केलेले 'अ‍ॅलेक्सनेट'. चित्रे ओळखण्याचे हे जाळे ज्या दोन ग्राफिक्स कार्डांवर शिकविले गेले, ती खेळणाऱ्यांसाठी बाजारात विकली जाणारी कार्डे होती. खेळाडूंच्या हौसेने या कार्डांस गिऱ्हाईक मिळाले, गिऱ्हाइकामुळे ती सुधारली, आणि शास्त्रास आयते साधन मिळाले. हौस आणि शास्त्र यांचे नाते हे असे असते.

म्हणून या नादात दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. रात्र रात्र जागून खेळणारे मूल चुकते आहे, आणि त्यास झोपावयास पाठविणे हे आईबापांचे कर्तव्यच आहे. केवळ रंगीत दिव्यांच्या लखलखाटासाठी वडिलांच्या दोन महिन्यांच्या पगाराचे भाग मागणारा तरुण कारागीर नव्हे. तो दागिने मिरविणारा होय. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ तर सरळ सरळ जुगार होत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून ते निषिद्ध ठरविले आणि ई-क्रीडेस त्यांच्यापासून वेगळे काढले, हे योग्यच झाले. पण लक्षात घ्या, हा जुगार बोकाळला तो मुख्यतः खिशातल्या मोबाइलवर, म्हणजे जे यंत्र पालकांनी स्वतः, निरुपद्रवी समजून, मुलांच्या हाती दिले त्यावर! पान्हा नि स्क्रू ड्रायव्हर मागणाऱ्या मुलास नाही म्हणावयाचे, आणि अंगठ्याने काच घासणाऱ्यास गप्प बसतो म्हणून शहाणा ठरवावयाचे, हा कोठला विवेक?

याहून मोठा अन्याय मुलींवर होतो. मुलाचा हट्ट कधीमधी पुरविला जातो. मुलीने झाकण उघडले तर शॉक बसेल, वस्तू मोडेल, असे म्हणून तिला दूर सारतात. सरस्वतीबाईंनी शंभर वर्षांपूर्वी जे काम अंधारात केले, ते त्यांच्या पणतीस उजेडातही करू देऊ नये, यास सुधारणा म्हणावे काय? आणि विद्यालयांची अवस्था तरी कोणती? संगणकाची व्याख्या पाठ म्हणणारे, त्याच्या पिढ्या क्रमाने सांगणारे, परंतु त्याचे पोट कधी न पाहिलेले पदवीधर आमच्या ओळखीत अनेक आहेत. प्रयोगशाळेतील यंत्रे मोडू नयेत म्हणून ती कोणी उघडावयाची नाहीत, असा सर्वत्र दंडक. प्रेतास हात न लावता वैद्यक शिकविण्याचाच हा प्रकार झाला.

हा प्रश्न केवळ छंदाचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु उघडता येणारे यंत्र दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालले आहे. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डावरच डाखलेली असते. ती वाढवावयाची म्हणजे यंत्रच नवे घ्यावयाचे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबविला, आणि नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे कित्येक धडधाकट संगणक एका दिवसात जुनाट ठरले. ज्या घरात झाकण उघडणारे कोणी आहे, त्या घरात असल्या यंत्रावर लिनक्स घालतात, जुनी हार्ड डिस्क काढून एस.एस.डी. बसवितात, आणि ते आणखी काही वर्षे चालते. ज्या घरात तसे कोणी नाही, तेथे ते भंगारात जाते आणि नव्याचे हप्ते सुरू होतात. आपल्या वस्तूचे आयुष्य किती, हे आपण ठरवावे की विकणाऱ्याने, एवढाच हा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर देण्याचे सामर्थ्य आज अनेक घरांत फक्त त्या 'वाया गेलेल्या' मुलापाशी आहे.

तेव्हा आमच्या वाचकांस सांगणे इतकेच. येत्या सुटीत माळ्यावर पडलेला जुना संगणक खाली उतरवावा, वायर भिंतीतून काढावी, आणि तो मुलाच्या व मुलीच्या स्वाधीन करावा. पॉवर सप्लायची पेटी मात्र उघडू देऊ नये. तीत वीज साठून राहते आणि ती खरोखर धोक्याची असते. बाकी सर्व त्यांना सोडू द्यावे, पुसू द्यावे, पुन्हा जोडू द्यावे. एखादा भाग मोडेलही. तो भंगारातच जाणार होता. आणि यंत्र पुन्हा सुरू झाले, तर त्यावर पहिला खेळ त्यांनाच खेळू द्यावा.