स्वतःची वही तपासणारी परिचारिका

सायंकाळी दुकानाचा गल्ला मोजून रोजमेळाशी ताडून पाहिला जातो. रक्कम जुळली नाही, तर जुन्या पेढीवरचा मुनीम घरी जात नसे. कमी भरलेले चार आणे खिशातून घालून वही मिटवणे त्याला सहज शक्य होते. परंतु मग चूक कोठे झाली हे कधीच कळले नसते आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक पुन्हा झाली असती. व्यापारी घरांना परिचित असलेली ही शिस्त रुग्णालयात रुजवण्याचे मोठे श्रेय एका परिचारिकेकडे जाते. विशेष म्हणजे तिने आधी तपासली ती स्वतःच्याच कामाची वही.

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लोरेन्स शहरात एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. लॅटिन, ग्रीक, इतिहास हे विषय त्या वडिलांकडून घरीच शिकल्या. गणिताची ओढ मात्र त्यांची स्वतःची. ते शिकू द्यावे म्हणून त्यांना घरच्यांकडे हट्ट धरावा लागला. प्रतिष्ठित घरातील मुलीने रुग्णसेवा करणे त्या काळी कमीपणाचे मानले जाई. कुटुंबाचा विरोध अनेक वर्षे टिकला. त्या वर्षांत नाइटिंगेल पहाटे, घर जागे होण्यापूर्वी, रुग्णालयांचे अहवाल वाचीत आणि त्यांतील माहिती वहीत टिपून ठेवीत. प्रत्यक्ष प्रशिक्षणाची संधी १८५१ मध्ये जर्मनीतील कैझर्सवर्थ येथे मिळाली. तेही अवघ्या तीन महिन्यांचे. वय तेव्हा एकतीस होते.

१८५४ च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचल्या. क्रिमियाच्या युद्धातील जखमी आणि आजारी ब्रिटिश सैनिक तेथील लष्करी रुग्णालयात आणले जात. अन्न, कपडे, पट्ट्या, स्वच्छ अंथरुणे या साऱ्यांची व्यवस्था त्यांनी लावली. रात्री दिवा घेऊन खाटांमधून फिरणारी त्यांची मूर्ती जगाच्या स्मरणात राहिली. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. १८५५ च्या फेब्रुवारीत उपचारासाठी आलेल्यांपैकी शेकडा ४२ जण दगावत होते. मार्चमध्ये सरकारने पाठवलेले स्वच्छता आयुक्त आले. त्यांनी इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, पाण्याची व्यवस्था सुधारली, हवा खेळती केली. जूनपर्यंत हेच प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले.

१८५६ मध्ये मायदेशी परतताना नाइटिंगेल यांचा समज असा होता की, सैनिक उपासमारीने आणि थकव्याने जर्जर होऊन फार उशिरा रुग्णालयात पोहोचले, म्हणून वाचले नाहीत. पुढे संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने त्यांनी मृत्यूंचे आकडे महिनावार मांडले आणि हिशेब निराळाच निघाला. युद्धातील बहुसंख्य मृत्यू जखमांनी झालेले नसून टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेले होते. शुश्रूषेत कसूर नव्हती. पण ज्या छताखाली ती चालली होती, ते छतच रोगाचे घर होते आणि तेथे असताना त्यांना ते पुरेसे उमगले नव्हते.

देश त्यांचा गौरव करीत होता. हे आकडे मिटवून ठेवले असते, तर कोणी जाब विचारला नसता. नाइटिंगेल यांनी ते छापले. संसदेतील मंडळींना तक्ते वाचण्याचा कंटाळा येईल हे ओळखून त्यांनी रंगीत आकृती काढल्या: निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळा भाग इतका मोठा होता की, स्पष्टीकरणाची गरजच उरली नाही. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

या शिक्षणाचे फळ म्हणजे रुग्णशुश्रूषेविषयी त्यांनी लिहिलेले १८५९ चे छोटे पुस्तक. ते घरात आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी आहे. खिडकी, उजेड, अंथरूण, भिंतीवरची धूळ, जेवणाची वेळ असे नित्याचेच विषय त्यात आहेत. आजाऱ्याच्या खोलीबाहेर कुजबुज करू नये, कारण अर्धवट ऐकलेले बोलणे त्याला अधिक छळते. भेटीस येणाऱ्यांनी पोकळ धीर आणि फुकटचे सल्ले देऊ नयेत. ‘रात्र बरी गेली ना?’ असे मोघम विचारण्यापेक्षा झोप किती तास लागली, जाग कितीदा आली, हे विचारावे. एक प्रकरण तर कोणत्याही पेढीच्या मालकाने वाचावे असे आहे. आपण हजर असताना जे होते, ते आपल्या गैरहजेरीतही झाले पाहिजे. ती व्यवस्था लावणे हाच खरा कारभार, असे त्यात सांगितले आहे.

१८६० मध्ये लोकवर्गणीतून जमलेल्या निधीवर लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. तोपर्यंत नाइटिंगेल स्वतः आजारी होत्या; पुढची अनेक वर्षे बहुतेक काम अंथरुणावरूनच झाले. त्या भारतात कधीही आल्या नाहीत, पण येथील अहवाल मागवून वाचीत आणि खेड्यांच्या आरोग्याविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही पत्रव्यवहार करीत. १८७२ पासून त्या शाळेतील विद्यार्थिनींना पत्रे लिहीत. शिकणे थांबले की परिचारिका मागे पडू लागते, हा त्यांतील एक मुख्य विचार. हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला. रोग संसर्गाने पसरतो हे त्यांना प्रारंभी मान्य नव्हते. १८८० नंतरच्या लेखनात मात्र त्या जंतुनाशनाच्या सूचना देताना दिसतात. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

साठीनंतर मत बदलणे अवघड असते. घरातील ज्येष्ठांना सुनेने वा नातवाने काही नवे सांगितले की, ‘आम्ही इतकी वर्षे असेच करीत आलो’ हे उत्तर ओठांवर तयार असते. अशा वेळी शेकडा ४२ चा तो आकडा आठवावा. तो लपवला असता, तर एका स्त्रीचे नाव तेवढे निष्कलंक राहिले असते. तो उघड मांडला म्हणून पुढच्या असंख्य रुग्णांना खुली खिडकी आणि स्वच्छ पाणी मिळाले. जन्मभर शिकत राहायचे, तर मुनिमाप्रमाणे न जुळलेल्या रकमेपाशी थोडा वेळ थांबण्याची तयारी हवी.