कापसाची नाकाबंदी उठली, पोरांची कधी?



एकाधिकार खरेदीचे दिवस आठवा. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे आपल्याच रानातला कापूस आपल्याला हव्या त्या दारात नेता येत नव्हता. हद्दीपलीकडे भाव जादा असला तरी नाक्यावर गाडी अडवली जायची. फेडरेशन देईल ती ग्रेड, देईल तेव्हा चुकारा. तो एकाधिकार मोडला. पोरांच्या शाळेवरचा मात्र अजून शाबूत आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. खाजगी विनाअनुदानित शाळांनी २५ टक्के जागा गरीब व वंचितांच्या पोरांना द्यायच्या, पैसे सरकारने भरायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम फिरवला. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला या जागांतून सूट! म्हणजे सरकारी केंद्र जवळ आहे ना, मग तिथेच माल घाला. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि जुलैत नियमच रद्द केला. हा नियम करणाऱ्यांपैकी किती जणांची नातवंडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, ते त्यांनीच सांगावे.

पण कोर्टाच्या निकालाने हुरळून जाऊ नका. या जागा फक्त सुरुवातीच्या वर्गाला, त्याही सोडतीने. चौथीतल्या पोरीला धड वाचता येत नाही हे बापाला कळते, तोवर दार बंद झालेले असते. त्यात सरकार शाळांचे पैसे थकवते, मग शाळेला आपली पोरे बोजा वाटतात. चुकाऱ्याची गोष्ट आपल्याला नवी नाही.

कोणी म्हणेल, आमच्या गावात शाळाच एक, निवड कसली? खरे आहे. आणि जिल्हा परिषदेची शाळा बुडावी असेही कोणी म्हणत नाही. जीव ओतून शिकवणारे मास्तर तिथेही आहेत (त्यांना निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामाला जुंपते ते सरकारच). शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी बाहेरगावच्या पालकांची रांग लागली होती. पैसा पोराबरोबर चालू लागला, तर अशा शाळेला तो आपोआप मिळेल. आज चांगल्या आणि वाईट शाळेला एकच भाव आहे.

जिल्हा बैठकीत मांडायचा ठराव असा: एका पोरामागे शासन जो खर्च करते, तो पालक निवडील त्या शाळेला मिळावा, मग ती जिल्हा परिषदेची असो की खाजगी. शाळा बदलण्याचा हक्क कोणत्याही इयत्तेत असावा. एसटीचा मोफत पास शाळकरी मुलींना आहे, तसा मुलांनाही मिळावा. तालुका प्रमुखांनी गावोगावच्या सह्या घेऊनच बैठकीला यावे.