हुतात्म्यांच्या आईचे नाव फळ्यावर का नको?



दरवर्षी २३ मार्चला आपण भगतसिंग, राजगुरू व सुखदेव यांच्या तसबिरींना हार घालतो. पण भगतसिंगांच्या आईचे नाव विचारले, तर किती हात वर होतील? त्या माऊलीचे नाव विद्यावती. मला वाटते, देशासाठी शिक्षा त्यांनीही भोगली. फक्त त्यांचा तुरुंग घरातच होता.

भगतसिंगांचा जन्म १९०७ सालचा. त्याच वर्षी इंग्रजांनी विद्यावतींचे दीर अजितसिंग यांना मंडालेला धाडले होते. पुढच्या वर्षी लोकमान्य टिळकांना नेले, तेच हे मंडाले. सुटून आल्यावर अजितसिंग १९०९ साली परदेशी गेले, ते १९४७ सालीच परतले. धाकटे दीर स्वर्णसिंग तुरुंगात खंगले व १९१० साली वारले. पती किशनसिंगही तुरुंगात जाऊन आले. घरातली कर्ती माणसं अशी गेल्यावर शेत, गुरं, पोरं कोण बघणार? बायकाच ना!

३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात घरच्यांची भगतसिंगांशी शेवटची भेट झाली. फाशी २४ तारखेला ठरली होती, ती आदल्या संध्याकाळीच उरकली. प्रेतेही घरच्यांना दिली नाहीत. रातोरात सतलजच्या काठी, हुसेनीवालाजवळ जाळून टाकली. आपल्याकडे मयताला गावोगावचे पाहुणे येतात. त्या आईला मात्र लेकराचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही! पुढे कुलबीर व कुलतार या धाकट्या मुलांनाही इंग्रजांनी तुरुंगात टाकले.

स्वातंत्र्य आले, पण फाळणी झाली. हुसेनीवालाची ती जागा १९६१ पर्यंत पाकिस्तानात राहिली. १९७५ साली विद्यावती वारल्या, तेव्हा त्यांचे अंत्यसंस्कार तिथेच, लेकाच्या समाधीजवळ झाले.

कोणी म्हणेल, लढला मुलगा, आईने काय केले? मी म्हणते, एकामागून एक माणूस जाताना बघायचे आणि तरी घर चालवायचे, हे सोपे आहे का?

२०२४ पासून आपल्या राज्यात सरकारी कागदावर मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहायचे ठरले आहे. मग हुतात्म्यांच्याच आयांना का विसरायचे? येत्या २३ मार्चला फळ्यावर तीन नावे आणखी लिहूया: भगतसिंगांच्या आई विद्यावती, आपल्या खेडच्या राजगुरूंच्या आई पार्वतीबाई आणि सुखदेवांच्या आई रल्लीदेवी.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी