बक्षीस वेगळं, मालकी वेगळी

व्हीनस आणि सेरेना विल्यम्स या बहिणींची गोष्ट आपल्याकडे जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. कॉम्प्टनची खडबडीत सार्वजनिक कोर्टं, वडील रिचर्ड यांचा हट्ट आणि मग थेट विम्बल्डन. मेहनत केली की वंश, गरिबी सगळं मागं पडतं, असा बोध काढून मंडळी मोकळी होतात. पैशाचा हिशोब कुणी मांडत नाही. आम्हाला तोच महत्त्वाचा वाटतो.

सेरेनाने कारकिर्दीत ९ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षिसं मिळवली, व्हीनसने ४ कोटींहून अधिक. पण ही रक्कम आपोआप हातात पडली नाही. २००६ मध्ये विम्बल्डनच्या पुरुष विजेत्याला ६ लाख ५५ हजार पौंड होते, स्त्री विजेतीला ६ लाख २५ हजार. फरक तीस हजारांचाच, मग एवढा गाजावाजा कशाला, असं म्हणणारे तेव्हाही होते. आमच्या मते फरक छोटा होता म्हणूनच त्यातला अपमान उघडा होता. व्हीनसने त्याच वर्षी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये लेख लिहून जाब विचारला. २००७ मध्ये रक्कम समान झाली, आणि त्या वर्षी जिंकली तीच. तिला फेडररइतकेच ७ लाख पौंड मिळाले. याला गुणवत्तेचा विजय म्हणायचं तर म्हणा, आम्ही हक्काच्या भांडणाचा विजय म्हणू.

दुसरी बाब मालकीची. बुटांच्या कंपन्यांचे करार दोघींकडे होतेच, पण करार म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या मालाला आपला चेहरा देणं. व्हीनसने खेळत असतानाच २००२ मध्ये घरं-कार्यालयांच्या अंतर्गत सजावटीची स्वतःची कंपनी काढली. २००९ मध्ये दोघींनी मायामी डॉल्फिन्स या अमेरिकन फुटबॉल संघात छोटा हिस्सा घेतला. ज्या लीगमध्ये बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आणि मालक जवळजवळ सगळे गोरे, तिथे हिस्सा घेणाऱ्या या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रिया. अंग मोडून खेळणारा एकीकडे आणि नफा मोजणारा दुसरीकडे, ही विभागणी आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

सेरेनाच्या गुंतवणूक कंपनीने २०२२ मध्ये ११ कोटी १० लाख डॉलरचा निधी उभारला. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उद्योजकांना भांडवल देण्यावर तिचा भर आहे. याला आम्ही मुक्ती म्हणत नाही. निधीला परतावा लागतो, आणि परतावा देऊ न शकणारा त्याच्या दारातच थांबतो. तरीही पैसा कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या खुर्चीत ती बसली, हे आम्ही कमी लेखणार नाही.

पण दोघींच्या संपत्तीने कॉम्प्टन बदललं नाही. त्यांची थोरली सावत्र बहीण येटुंडे प्राइस हिचा २००३ मध्ये तिथेच गोळीबारात मृत्यू झाला. तोवर दोघींच्या घरी विम्बल्डनचे चषक आलेले होते. २०१६ मध्ये त्यांनी हिंसेची झळ बसलेल्या कुटुंबांसाठी तिच्या नावाने कॉम्प्टनमध्ये मदत केंद्र उघडलं.